जागा सहज मिळतेय, पण का?

सीईटीत ७०-८० पर्सेंटाइल मिळवलेल्या मुलाला इंजिनिअरिंगला जागाच मिळणार नाही, ही धास्ती महाराष्ट्रात तरी कोणी घेऊ नये. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, सगळ्या फेऱ्या उरकल्या तरी दरवर्षी हजारो जागा रिकाम्या राहतात. काळजी करायचीच तर दोन गोष्टींची करावी: ती जागा चार वर्षांत एकूण कितीला पडणार, आणि ती रिकामी का राहिली.

रिकामी राहण्याची कारणे मुळात दोनच. एक तर त्या शाखेला किंवा त्या गावाला मागणी नसते, नाहीतर त्या कॉलेजलाच मागणी नसते. पहिल्या कारणाने मिळणारी जागा डोळे झाकून नव्हे, पण आनंदाने घ्यावी. सध्या ज्याला त्याला कॉम्प्युटर, आयटी आणि एआय हवे आहे. त्यामुळे त्याच इमारतीत भरणाऱ्या सिव्हिल, मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशनचे कटऑफ बरेच खाली येतात. सांगलीचे वालचंद असो वा नांदेडचे गुरु गोबिंद सिंगजी, तिथेही हा फरक दिसतो. चंद्रपूर, जळगाव, यवतमाळ इथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि त्यांची फी खासगी कॉलेजांच्या तुलनेत फारच कमी. पण पुण्या-मुंबईचे पालक पसंतीच्या यादीत ही नावे लिहायलाच तयार नसतात. 'एवढ्या लांब कुठे पाठवायचे' म्हणतात आणि मग शहराबाहेर तीस किलोमीटरवरच्या, बसचीच फी भरमसाट असलेल्या कॉलेजात मुलाला घालतात.

कॉलेजलाच मागणी नाही अशी जागा ओळखायला सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरची मागच्या वर्षांची कटऑफ यादी पुरते, फक्त ती वाचता आली पाहिजे. रकान्यांवरचे कोड पाहून लोक गांगरतात. त्यात पहिले अक्षर 'जी' असेल तर जागा मुले-मुली दोघांसाठी, 'एल' असेल तर फक्त मुलींसाठी. मध्ये प्रवर्ग. शेवटी 'एच' म्हणजे त्याच विद्यापीठ क्षेत्रातले विद्यार्थी, 'ओ' म्हणजे बाहेरचे, 'एस' म्हणजे राज्य पातळी. आपल्या मुलाला लागू असलेला रकाना धरा आणि शेवटच्या फेरीपर्यंत आकडा कुठवर उतरला ते बघा. दोन-तीन वर्षांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की गोष्ट उघड होते. एकाच शाखेचा आकडा खाली असेल तर ती शाखेची हवा. कॉम्प्युटरसकट सगळ्याच शाखा तळाला गेल्या असतील तर विद्यार्थ्यांनी त्या कॉलेजकडे पाठ फिरवली आहे, आणि त्यांच्याकडे बहुधा कारण असते.

आता पैशांचे. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी कॉलेज स्वतःच्या मर्जीने ठरवू शकत नाही. २०१५ च्या कायद्याने नेमलेले शुल्क नियामक प्राधिकरण ती मंजूर करते आणि मंजूर आकडा प्रसिद्धही होतो. त्याचे दोन भाग असतात, शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. ही फोड महत्त्वाची, कारण सवलती मिळतात त्या शिक्षण शुल्कावर. विकास शुल्क बहुतेकांना खिशातूनच भरावे लागते.

समजा मंजूर फी १,१०,००० रुपये आहे. त्यात शिक्षण शुल्क ९७,००० आणि विकास शुल्क १३,००० आहे. घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि मुलगा खुल्या प्रवर्गातला असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत निम्मे शिक्षण शुल्क माफ होते. म्हणजे ४८,५०० गेले, ६१,५०० उरले. तेवढ्याच उत्पन्नाच्या घरातली मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीमधली असेल तर २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तिला वर्षाला १३,००० आणि किरकोळ शुल्के एवढेच भरायचे. शाखेच्या मंजूर जागांव्यतिरिक्त ५ टक्के जागा टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, असतात आणि उत्पन्नाची मर्यादा तीच, ८ लाख. तिथे मुलांनाही शिक्षण शुल्क नाही. मात्र या जागांचा कटऑफ बहुधा खुल्या जागांच्याही वर जातो, तेव्हा कमी गुणांवर ती मिळेल या भरवशावर राहू नये. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठीच्या योजना वेगळ्या आणि जास्त व्यापक आहेत.

या बहुतेक सगळ्या सवलतींना एक अट आहे: प्रवेश कॅपमधूनच हवा. संस्था पातळीवरच्या, लोकांच्या भाषेत मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेवर बसलात की त्या गेल्या. 'फी तीच आहे हो' असे काउंटरवर गोड बोलून सांगतात. फी तीच असते, सवलत नसते, आणि वरच्या हिशेबात चार वर्षांचा फरक दोन लाखांच्या जवळ जातो.

राहण्या-खाण्याचा खर्च मात्र लोक अंदाजपंचे धरतात, आणि तिथेच हिशेब कोसळतो. शहरात कॉट बेसिसवर ५,००० आणि मेसचे ३,५०० धरले तर दहा महिन्यांचे ८५,००० होतात, म्हणजे निम्म्या फीपेक्षा जास्त. वसतिगृह मिळत असेल तर ते कॉलेजचे आहे की शेजारच्या खासगी मालकाचे, हे विचारून घ्या. जिल्ह्यातलेच कॉलेज असेल तर एसटीच्या विद्यार्थी पासावर एक तृतीयांश भाड्यात ये-जा होते. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अर्ज महाडीबीटी या शासकीय पोर्टलवरच करायचा, आणि दरवर्षी नव्याने. वर्ष वाया गेले तर तो लाभ अडतो, हेही मुलाला आधीच सांगून ठेवा.

कागदपत्रांत लोक हमखास अडकतात ते तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर. पाठोपाठ नॉन-क्रीमी लेयर आणि जात वैधता. निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात. एप्रिल-मे महिन्यातच कामाला लागावे. शाहू महाराज शिष्यवृत्ती एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळते, हे तिसऱ्या मुलाच्या वेळी कळून उपयोगाचे नाही.

पसंतीक्रम भरताना सावध राहावे. २०२५ च्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तिनांपैकी किंवा तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, तर जागा आपोआप पक्की होते. पुढच्या फेरीत जाता येत नाही. 'वर टाकून बघू, मिळतंय कुठे' म्हणून परवडत नसलेले कॉलेज वर लिहिले आणि नेमके तेच मिळाले, तर बसा हात चोळत. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावीच. यादीत वरची नावे हवी ती, मधली मिळतील अशी, आणि शेवटची पाच-सात नक्की मिळणारी. पण शेवटचीही अशीच, जिथे मुलगा खरोखर जाईल.

कॉलेज बघायला जाल तेव्हा स्वागतकक्षातल्या सोफ्यावर बसून माहितीपत्रक चाळण्यात वेळ घालवू नका. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी गाठा. या वर्षी किती सर सोडून गेले, प्रॅक्टिकल खरेच होतात की जर्नल नुसतेच उतरवून काढतात, कॅम्पसला बसलेल्यांपैकी कितीजणांना नोकरी लागली, हे त्याला विचारा. सर्वात मोठे पॅकेज किती हे विचारू नका, तो एकाचाच आकडा असतो. एनबीएचे मानांकन शाखेला मिळते, सबंध कॉलेजला नाही; फलकावर 'एनबीए मान्यताप्राप्त' असेल तर कोणती शाखा आणि मुदत कधीपर्यंत, ते बघा.

एजंटांविषयी थोडक्यात. लॉगिनचा पासवर्ड कोणालाही देऊ नये. कोणी 'सर्व मोफत, फक्त मूळ कागदपत्रे ठेवून जा' म्हणाले तर तिथून उठावे. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही. मंजूर फीवर मागितलेला प्रत्येक रुपया देणगी, आणि देणगी घेणे १९८७ पासून राज्यात गुन्हा आहे. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. दुसरीकडे चांगली जागा मिळाली तर ठरलेल्या अंतिम तारखेच्या आत लेखी अर्ज देऊन प्रवेश रद्द करावा, फार तर १,००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. ती तारीख वेळापत्रकात छापलेली असते, आणि तिच्यानंतर एक दिवस जरी उलटला तरी भांडण सुरू होते.