वॉशिंग्टनच्या पगारातले ०.५८ टक्के

सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड भागात नोकरी करणाऱ्यांच्या पगारपत्रकात ‘डब्ल्यूए केअर्स’ अशी एक कपात असते. वॉशिंग्टन राज्याच्या सक्तीच्या दीर्घकालीन शुश्रूषा विम्याचा हा हप्ता. जुलै २०२३ पासून पगाराच्या ०.५८ टक्के कापले जातात. मालकाचा वाटा नाही, कमाल मर्यादाही नाही. बोनस आणि हातात पडलेले कंपनीचे शेअरसुद्धा सुटत नाहीत. वर्षाला दीड लाख डॉलर मिळवणाऱ्याचे ८७० डॉलर जातात, वीस वर्षांत १७,४००.

मिळते काय? अंघोळ, कपडे, जेवण यांसारख्या रोजच्या किमान तीन कामांत मदत लागू लागली की आयुष्यभरात मिळून ३६,५०० डॉलरपर्यंत. ही मर्यादा महागाईनुसार वाढू शकते. लाभाची सुरुवात जुलै २०२६. मदतनीस ताशी ३५ डॉलर घेते असे धरले, तर आठवड्याला वीस तासांप्रमाणे जेमतेम वर्ष निघते. नर्सिंग होमसाठी यावर विसंबू नये. शिवाय पूर्ण लाभासाठी दहा वर्षे हप्ते भरलेले हवेत, किंवा अर्जाआधीच्या सहांपैकी तीन, आणि त्या प्रत्येक वर्षी किमान ५०० तास काम. लाभ हप्ता भरणाऱ्यालाच; पुण्याहून आलेल्या आईबाबांसाठी तो वापरता येत नाही.

‘खासगी पॉलिसी घ्या, सूट मिळते’ हे अजून कानावर येते. ती मुदत केव्हाच संपली. पॉलिसी १ नोव्हेंबर २०२१ पूर्वीची आणि अर्ज २०२२ अखेरपर्यंतचा हवा होता. तेव्हा अशी झुंबड उडाली की काही विमा कंपन्यांनी राज्यात पॉलिसी विकणेच थांबवले. आज एखादा एजंट सूट मिळवून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजा, सही देऊ नका.

आता सूट आहे ती एच-१बीसारख्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असणाऱ्यांना, राज्याबाहेर राहणाऱ्यांना (पोर्टलंडहून वॉशिंग्टनमधल्या व्हँकुव्हरला कामाला येणारे), सैनिकांच्या जोडीदारांना आणि सेवेमुळे ७० टक्के किंवा अधिक अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांना. एच-१बीवर असूनही कपात दिसली तर पेरोलवाल्यांना लगेच विचारा; सूट लागू होण्याआधी गेलेले पैसे सहसा परत येत नाहीत. ग्रीन कार्ड आले की सूट संपते. तेव्हा ९० दिवसांत कळवा, नाहीतर थकबाकी व्याजासकट भरावी लागू शकते. ज्यांच्याकडे २०२१ च्या पॉलिसीवरची जुनी सूट आहे, त्यांनी नोकरी बदलताना मंजुरीचे पत्र नव्या मालकाला पहिल्याच दिवशी द्यावे. पत्र न दिल्यामुळे कापलेला हप्ता मागता येत नाही.