ब्रेक ऑइल जातं कुठे?

चि. बाबू यास,


दर पंधरवड्याला ब्रेक ऑइलची डबी उतरते आणि तू ती भरतोस, हे तू किती सहज लिहिलंस! अरे, ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं जळत नाही. पॅड झिजले की पातळी थोडी खाली येते, पण त्याला महिनोन्महिने लागतात. पंधरा दिवसांत बोटभर उतरतं म्हणजे ते कुठेतरी गळतंय. तुझ्या रस्त्याला भामरागडहून आलापल्लीपर्यंत जंगल, पुढे आष्टीपर्यंत सूरजागडच्या खनिजाचे ट्रक. ब्रेक फेल झाला तर तिथे कोण येणार धावून? तेव्हा गळती सापडेपर्यंत गाडी उभीच ठेव, शाळेत सायकलने जा.

आता शोधायचं कसं? पावसाळ्यात तुमच्याकडे चाकं चिखलाने माखलेली, ओल कशाची हे कळतच नाही. म्हणून आधी चारही चाकं आतल्या बाजूने धुऊन वाळू दे. मग पेडल पाच-दहा वेळा दाबून ठेव आणि टॉर्च घेऊन बघ. पाणी वाळून जातं, ब्रेक ऑइल तेलकट राहतं, पण पाणी टाकलं की धुऊन निघतं. गिअर ऑइल पाण्याने जात नाही आणि त्याला उग्र वासही असतो. हा फरक बोटांना एकदा कळला की अर्धं काम झालं. रंगावर मात्र सांडू देऊ नकोस, रंग उचलतं ते.

मला संशय मागच्या चाकांचा आहे. तुझ्या मारुती ८०० ला मागे ड्रम असतात. आतला व्हील सिलिंडर गंजतो, रबर कापलं जातं आणि ऑइल ड्रममध्येच साचतं. बाहेर येईपर्यंत लायनर भिजून गेलेले असतात. ड्रम काढ, सिलिंडरचं रबरी टोपण हलकेच उचल. आत नुसता दमटपणा असेल तर ठीक. थेंब ओघळला तर सिलिंडर गेला. आतून खड्डे पडले असतील तर नुसतं किट घालून भागत नाही, अख्खा सिलिंडर बदल. भिजलेले लायनर पॉलिश पेपरने घासून परत बसवणारे मिस्त्री आहेत, त्यांचं ऐकू नकोस. दोन्ही बाजूंचे नवे टाक. हँडब्रेक त्याच लायनरवर चालतो. त्याला तार असते, ऑइल लागत नाही, म्हणून लोक बिनधास्त राहतात. पण लायनरच भिजले तर तोही धरणार नाही.

चाकं कोरडी निघाली तर लोखंडी पाइप बघ, विशेषतः क्लिपांखाली, जिथे चिखल बसून गंज धरतो. मग रबरी होज. आणि पेडलच्या वरचा दांडा: तो ओला असेल तर मास्टर सिलिंडरचं मागचं रबर गेलंय. बूस्टर असेल तर ऑइल त्याच्या पोटातही उतरतं, बाहेर थेंब दिसत नाही. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल आणि डबी मात्र उतरत नसेल, तर गळती मास्टरच्या आतल्या आत आहे. ते तुझं दुखणं नव्हे, पण माहीत असू दे.

जॅक चिखलात लावू नकोस, खाली फळी घाल, आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नकोस. घोडी नसेल तर मिस्त्री येईपर्यंत थांब.

दुरुस्तीनंतर एअर काढताना पेडल तळापर्यंत मारू नकोस. खाली लाकडाचा ठोकळा ठेव. मास्टर सिलिंडरचा तळाकडचा भाग कधी वापरात नसतो, तिथे गंज असतो आणि रबर त्यावर फाटतं. जुने निपल जोर लावून फिरवले तर तुटतात, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेव. ऑइल सीलबंद डबीतलंच घे. उघडी डबी हवेतली ओल पिते: ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावलेलं १४० अंशांनाही उकळू शकतं, आणि मग पेडल मऊ पडतं. इंजिन ऑइल चुकूनही घालू नकोस, सगळी रबरं फुगतात.

दोन्ही व्हील सिलिंडर आणि लायनरचा सेट मी चंद्रपूरहून एसटीने पाठवतो. गाडीचं साल मात्र कळव, सिलिंडरचं माप त्यावर ठरतं. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा