माजी विद्यार्थी संपर्क : कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची दिशा

पदवी हाती पडली की विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी असलेला संबंध संपला, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. आता ती मागे पडत आहे. नव्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन, नोकरीची माहिती, अभ्यासक्रमाविषयी सूचना, ग्रंथालय व वसतिगृहासाठी मदत अशा अनेक बाबतींत माजी विद्यार्थ्यांचा सहभाग मोलाचा ठरतो, हे विद्यापीठांना पटले आहे. त्यासाठी ठिकठिकाणी माजी विद्यार्थी संपर्क कक्ष निघाले आहेत. परंतु कक्ष स्थापन करणे जितके सोपे, तितके तो चालविणारा कर्मचारी तयार करणे सोपे नाही. पुष्कळदा हे काम एखाद्या अध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून किंवा कंत्राटी लिपिकाकडे सोपविले जाते. त्याची बदली झाली की त्याने जोडलेली माणसेही संस्थेपासून दूर जातात. हे काम शिकण्यासारखे आहे आणि ते पद्धतशीर शिकविले पाहिजे, हा विचार त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

या कामाचा उगम

माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्स महाविद्यालयाचे अध्यक्ष १८२१ मध्ये काही विद्यार्थ्यांसह बाहेर पडले आणि त्यांनी ॲमहर्स्ट येथील नव्या महाविद्यालयाची सूत्रे हाती घेतली. विल्यम्सचे अस्तित्व धोक्यात आले. त्या वेळी तेथील माजी विद्यार्थी एकत्र आले व त्यांनी आपला संघ स्थापन केला. आज अस्तित्वात असलेल्या अशा संघांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो. पुढे येल विद्यापीठात १८९० मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक निधीची प्रथा सुरू झाली.

हे काम वाढले तशी ते करणाऱ्यांना एकमेकांपासून शिकण्याची गरज भासू लागली. संघांच्या सचिवांनी १९१३ मध्ये आपली संघटना उभारली. तिच्यातून घडलेली अमेरिकन अलम्नाय कौन्सिल आणि महाविद्यालयीन जनसंपर्क अधिकाऱ्यांची संघटना यांचे १९७४ मध्ये विलीनीकरण होऊन ‘कौन्सिल फॉर ॲडव्हान्समेंट अँड सपोर्ट ऑफ एज्युकेशन’, संक्षेपाने ‘केस’, ही संस्था निर्माण झाली. परिषदा, प्रशिक्षणवर्ग व आचारसंहिता यांच्या द्वारे या संस्थेने संपर्काच्या कामाला व्यवसायाचे रूप दिले.

आपल्याकडील स्थिती

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजेच नॅकने, २०१७ मध्ये सुधारलेल्या मूल्यांकन पद्धतीत ‘माजी विद्यार्थ्यांचा सहभाग’ हा स्वतंत्र घटक ठेवला. त्यामुळे अनेक महाविद्यालयांनी संघांची नोंदणी करून घेतली. तथापि, मूल्यांकन समिती येण्याच्या वर्षी मेळावा भरवावयाचा आणि पुढे चार वर्षे कोणाला पत्रही पाठवावयाचे नाही, अशा पद्धतीने जिव्हाळा निर्माण होत नाही.

सातत्याचे फळ काय असते, याचे उदाहरण मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत पाहावयास मिळते. श्री. नंदन निलेकणी यांनी १९७३ मध्ये तेथे प्रवेश घेतला. या संबंधाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०२३ मध्ये, त्यांनी संस्थेला ३१५ कोटी रुपयांची देणगी जाहीर केली. त्यापूर्वी त्यांनी ८५ कोटी रुपये दिले होते. रकमेचा आकडा डोळ्यांत भरतो. पण संपर्क कर्मचाऱ्याने लक्षात घ्यावयाची गोष्ट म्हणजे मधली पन्नास वर्षे. एवढ्या काळात संबंध टिकला, म्हणून देणगी आली. शिवाय असा देणगीदार क्वचितच लाभतो. बहुसंख्य माजी विद्यार्थी शिक्षक, शेतकरी, कारकून, परिचारिका, लहान व्यावसायिक असतात. त्यांच्याकडे देण्यासारखा अनुभव असतो, वेळ असतो. त्यांची आठवण ठेवणे हेच या कक्षाचे नित्याचे काम होय.

पहिला पाठ : नोंदवही

प्रशिक्षणाची सुरुवात देणगीच्या आवाहनापासून न करता नोंदवहीपासून करावी. नोंद संगणकावर असो वा कागदावर, ती अचूक नसेल तर पुढील सर्व श्रम वाया जातात. आपल्या राज्यात यासंबंधी काही विशेष अडचणी आहेत. विवाहानंतर अनेक स्त्रियांचे आडनाव व मधले नाव बदलते. काही कुटुंबांत पहिले नावही बदलण्याची रीत आहे. गुणपत्रिकेवरील नावाने शोध घेतला तर अशी विद्यार्थिनी सापडत नाही आणि ‘संपर्क नाही’ असा शेरा मारून तिचे पान बंद केले जाते. ज्या पिढीतील मुली घरचा विरोध सोसून शिकल्या, त्याच अशा रीतीने संस्थेच्या स्मृतीतून पुसल्या जातात. म्हणून प्रत्येक नोंदीत प्रवेशाच्या वेळचे नाव व सध्याचे नाव असे दोन्ही रकाने असले पाहिजेत.

पत्त्यांचेही तसेच आहे. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुना पत्ता नव्या प्रशासकीय नावांशी जुळविण्याचे ज्ञान कर्मचाऱ्यास हवे. निधनाची वार्ता आल्यास ती त्याच दिवशी नोंदवावी. दिवंगत व्यक्तीच्या नावे वर्षानुवर्षे शुभेच्छापत्र जात राहिले, तर त्या घराला होणारे दुःख कोणत्याही खुलाशाने भरून निघत नाही.

पत्र, भेट आणि मेळावा

दुसरा पाठ संवादाचा. माजी विद्यार्थ्याला संस्थेकडून येणारे पहिलेच पत्र पैशाची मागणी करणारे नसावे. संस्थेत काय चालले आहे, त्याच्या विभागातील कोण अध्यापक निवृत्त झाले, नवे कोणते विषय सुरू झाले, हे त्याला कळावे. भेटीत कर्मचाऱ्याने बोलण्यापेक्षा अधिक ऐकावे आणि कार्यालयात परतल्यावर भेटीचे टिपण नस्तीत ठेवावे. तक्रारही ऐकावी. वसतिगृहात झालेली हेळसांड किंवा जातीवरून सोसावा लागलेला अपमान एखादा माजी विद्यार्थी वीस वर्षांनंतर सांगतो, तेव्हा बचाव न करता ते नोंदवून घेणे व योग्य अधिकाऱ्यापर्यंत पोहोचविणे, हे कौशल्य शिकवावे लागते.

मेळाव्यात व्यासपीठावरील सत्कारातच सगळा वेळ जाऊ नये. एका विभागाचे माजी व आजचे विद्यार्थी समोरासमोर बसून बोलतील, अशी योजना करावी. घरात प्रथमच पदवीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला आपल्याच तालुक्यातून पुढे गेलेला माणूस भेटला, तर त्याला जो धीर येतो तो भाषणाने येत नाही.

देणगी व हिशेब

माजी विद्यार्थी संघ आणि विद्यापीठ या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या संस्था असू शकतात. महाराष्ट्रात असे संघ सामान्यतः संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली नोंदविले जातात. देणगी कोणाच्या खात्यात जमा होत आहे, पावती कोण देणार, हे कर्मचाऱ्यास स्पष्ट ठाऊक असावे. परदेशातून येणाऱ्या रकमेबाबत अधिकच दक्षता हवी. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम आणि परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्या माजी विद्यार्थ्याने पाठविलेली रक्कम, यांत विदेशी अभिदाय अधिनियम, २०१० भेद करतो. दुसऱ्या प्रकारची रक्कम विदेशी अभिदाय ठरते. ती स्वीकारण्यापूर्वी लेखा विभागाचा सल्ला घ्यावा.

पावतीने काम संपत नाही. ज्या कारणासाठी रक्कम दिली त्याच कारणासाठी ती खर्च झाली, हे देणगीदारास वर्षअखेर कळविले पाहिजे. पाचशे रुपये देणाऱ्यालाही हा हक्क आहे.

माहितीची गोपनीयता

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ या कायद्याने विशिष्ट हेतूसाठी संमती घेणे आणि ती मागे घेण्याची मुभा देणे, ही तत्त्वे घालून दिली आहेत. येथे एका बाबीचा विशेष उल्लेख करणे आवश्यक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. पदवीधर मतदारांची यादी आणि संपर्क कक्षाची नोंदवही या भिन्न गोष्टी आहेत. स्नेहासाठी दिलेला भ्रमणध्वनी क्रमांक निवडणूक प्रचारासाठी किंवा विक्रेत्याच्या हाती गेला, तर विश्वास उडतो. ‘यादी द्या’ असे वरिष्ठांनी तोंडी सांगितले तरी लेखी आदेश व हेतू विचारण्याचे धैर्य आणि ते विचारण्याची नम्र भाषा, दोन्ही प्रशिक्षणात यावीत.

कामाचे मोजमाप

केवळ जमा रकमेवरून कर्मचाऱ्याचे काम जोखणे योग्य नाही. ‘केस’ संस्थेने माजी विद्यार्थ्यांचा सहभाग मोजताना चार बाजू धरल्या आहेत : देणगी, स्वयंसेवा, कार्यक्रमांतील उपस्थिती आणि पत्रव्यवहाराला मिळणारा प्रतिसाद. किती जणांनी तास घेतले, किती हरवलेले पत्ते मिळाले, किती पत्रांना उत्तरे आली, यांच्या नोंदी ठेवल्यास कामाचे खरे चित्र दिसते.

प्रशिक्षण कसे द्यावे

नव्या कर्मचाऱ्याने आरंभीचे काही दिवस परीक्षा, लेखा व विद्यार्थी कल्याण या विभागांत बसून त्यांच्या नोंदी समजून घ्याव्यात. अनुभवी सहकाऱ्यासोबत काही भेटी कराव्यात. शेजारच्या दोन-तीन विद्यापीठांच्या कर्मचाऱ्यांनी वर्षातून एकदा एकत्र येऊन अडचणींची चर्चा केली, तर फारसा खर्च न होता उत्तम प्रशिक्षणवर्ग घडतो. आणि प्रभार हस्तांतरित करताना किल्ल्यांबरोबर भेटींची टिपणे व अपुऱ्या राहिलेल्या आश्वासनांची यादीही दिली जावी. संस्थेने दिलेला शब्द माणूस बदलला म्हणून संपत नाही.

शाळा व ग्रामपंचायत

ही दृष्टी विद्यापीठांपुरती मर्यादित नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यात शाळांच्या कामी माजी विद्यार्थ्यांचे स्वयंसेवी साह्य घेण्याचा आणि त्यासाठी त्यांची माहिती संकलित करण्याचा उल्लेख आहे. जिल्हा परिषद शाळेच्या कपाटातील जनरल रजिस्टरमध्ये गावाच्या अनेक पिढ्यांची नावे असतात. मुख्याध्यापकाने त्यातील एका वर्षाची तुकडी निवडावी, ग्रामपंचायत सदस्यांनी त्या मुलामुलींचा आजचा ठावठिकाणा विचारून लिहून द्यावा आणि सासरी गेलेल्या मुलींची नावे प्रथम शोधावीत. एका तुकडीची नोंद पुरी झाली की दुसरी हाती घ्यावी.