टाच आधी वळू द्या

संध्याकाळी साडेसहाला सोसायटीच्या हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला सरकतात आणि शहाबादी फरशीवर पंचवीस-तीस मुलं रांगेत उभी राहतात. रांग लागते ती पट्ट्याच्या मानाने. एका टोकाला तपकिरी पट्टे, मग निळे, हिरवे, पिवळे आणि सगळ्यात शेवटी पांढरे. त्या शेवटच्या जागेवर, आठ वर्षांच्या एका मुलीच्या शेजारी, ४४ वर्षांची एक बाई गुडघे दुमडून बसते आणि सगळ्यांबरोबर वाकून नमस्कार करते. मुलं तिला 'काकू' म्हणतात. शिकवणारे सर वयाने तिच्याहून बरेच लहान. हॉलच्या बाहेर ते तिला 'ताई' म्हणतात, हॉलमध्ये ती त्यांना 'सर' म्हणते.

ही बाई म्हणजे प्रस्तुत लेखिका. चाळिशीनंतर कराटे शिकायला निघालेल्या कुणालाही तिचा पहिल्या वर्षाचा अनुभव उपयोगी पडावा, म्हणून तो इथे एका विद्यार्थिनीची गोष्ट म्हणून मांडला आहे.

मुलाला क्लासला सोडायचं आणि तासभर बाहेरच्या बाकावर बसून राहायचं, असं तिचं दोन वर्षं चाललं होतं. एका जूनमध्ये तिने स्वतःचीही फी भरली. पहिले सहा महिने फार छान गेले. ऑफिसात दिवसभर बसून आखडलेली कंबर मोकळी झाली, रात्रीची झोप सुधारली. 'इची, नी, सान, शी' या मोजणीवर तीस हात एकदम पुढे जातात, तेव्हा डोक्यातली दिवसभराची सगळी कामं गळून पडतात. 'हेइआन शोदान' हा पहिला काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या २१ हालचाली, तिला तीन महिन्यांत पाठ झाला. मुलांना हालचाल पटकन जमायची, पण क्रम चुकायचा. तिला हालचाल उशिरा जमायची, पण एकदा समजलेलं ती विसरायची नाही.

याच काळात तिने कराटेविषयी वाचायला सुरुवात केली आणि दोन गोष्टी मनात घट्ट धरल्या. पहिली गिचिन फुनाकोशी यांची. १८६८ साली ओकिनावात जन्मलेले हे शाळामास्तर १९२२ मध्ये प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला गेले, तेव्हा ५३ वर्षांचे होते. ते तिथेच राहिले. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात देखभालीची, झाडलोटीची कामं करत त्यांनी शिकवणं सुरू केलं आणि त्यातून शोतोकान ही शैली जपानभर पसरली. दुसरी गोष्ट स्पेनच्या सान्द्रा सान्चेस यांची. टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेला पहिल्यांदा स्थान मिळालं. ऑगस्ट २०२१ मध्ये निप्पॉन बुदोकानमध्ये झालेल्या महिलांच्या काता स्पर्धेत सान्चेस यांनी सुवर्णपदक जिंकलं ते ३९व्या वर्षी.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिने त्यातून काढलेला अर्थ मात्र अर्धाच होता. वय आड येत नाही, एवढंच तिने घेतलं. फुनाकोशी पोरवयापासून शिकत होते आणि सान्चेस यांचाही सराव लहानपणापासूनचा होता, हे तिने वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. फुनाकोशींनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की त्यांच्या गुरूंनी एकच काता महिनोन्‌महिने करायला लावला आणि पुढचा मागायचीही सोय नव्हती. ५३व्या वर्षी टोकियोत उभ्या राहिलेल्या त्या माणसाच्या गुडघ्यांना, घोट्यांना आणि कंबरेला चाळीसेक वर्षांची तालीम होती. तिच्या गुडघ्यांना आठ महिन्यांची.

आठव्या महिन्यात पिवळ्या पट्ट्याची परीक्षा आली. परीक्षेला तीन आठवडे होते आणि डावा गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला होता. जिना उतरताना कळ यायची, मांडी घालून उठताना हात टेकावा लागायचा. सरांना सांगितलं तर ते परीक्षेला बसू देणार नाहीत, या भीतीने तिने कुणालाच सांगितलं नाही. मेडिकलमधून नी-कॅप आणली आणि ड्रेसच्या आत चढवून ती वर्गात उभी राहू लागली.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी मवाशी गेरीचा सराव होता, म्हणजे कमरेतून वळून बाजूने घुमवून मारायची लाथ. प्रत्येक पायाने वीस. उजवा पाय मारताना सगळा भार डाव्या पायावर. चौदा-पंधरा लाथांनंतर मांडी थकली होती, तळवा घामाने ओला होऊन फरशीला चिकटत होता. पुढच्या लाथेला कंबर वळली, उजवा पाय वर गेला, आणि डावं पाऊल होतं तिथेच राहिलं. गुडघ्याच्या आत काहीतरी सरकल्यासारखं झालं. तरी तिने उरलेल्या लाथा पूर्ण केल्या.

तिथे नेमकं काय झालं, हे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने समजून घ्यायला हवं. गुडघा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा चालतो, म्हणजे वाकतो आणि सरळ होतो. पिळला जाणं त्याला फारसं सोसत नाही. वळायचं काम खुब्याचं आणि पावलाचं. म्हणून मवाशी गेरीत लाथ वर जाताना ज्या पायावर उभे आहोत त्याची टाच लक्ष्याच्या दिशेने फिरावी लागते. टाच फिरली की पाय, मांडी आणि कंबर एकत्र वळतात. ती अडकली की वरचं शरीर वळतं, खालचं पाऊल जागेवर राहतं आणि सगळा पीळ मधल्या गुडघ्यात जातो. गुडघ्यात मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमध्ये कूर्चेच्या दोन चकत्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. तरुणपणी त्या लवचीक असतात, वयाबरोबर ठिसूळ होत जातात. त्यांना रक्तपुरवठा होतो तो बाहेरच्या कडेलाच, त्यामुळे आतल्या भागाला झालेली इजा सहजासहजी भरून येत नाही. दहा वर्षांच्या मुलाची टाच अडकली तर तो बहुतेक वेळा पाय झटकून पुन्हा उभा राहतो. चव्वेचाळिशीत तो भरवसा धरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला होता. तेव्हा तिने दुसरी चूक केली. घरातल्यांच्या सांगण्यावरून तेल गरम करून तिने जोरात मालीश करून घेतलं. सूज आणखी वाढली. चौथ्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेली, एमआरआय झाला, आतल्या बाजूच्या मेनिस्कसला लहानशी चीर निघाली. शस्त्रक्रिया टळली, पण साडेतीन महिने फिजिओथेरपी करावी लागली. परीक्षा तर हुकलीच. दोन महिने स्टेशनचा जिना चढताना कठडा धरावा लागला.

सर भेटायला घरी आले, तेव्हा एकच वाक्य बोलले, "ताई, तीन आठवडे दुखत होतं आणि तुम्ही मला बोलला नाहीत?" त्यांना वाईट वाटलं होतं. तिलाही.

त्या सक्तीच्या विश्रांतीत तिला एक गोष्ट उमगली. आज क्लासमध्ये दिसणारी पद्धत, म्हणजे रांगा, मोजणी आणि सगळ्यांनी एकदम करायच्या हालचाली, ही मुळात शाळेसाठी घडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आंको इतोसू यांनी ओकिनावाच्या शाळांमध्ये कराटे नेलं आणि मुलांसाठी पिनान हे पाच काता बसवले. पुढे फुनाकोशींनी त्यांनाच हेइआन हे नाव दिलं. त्याआधी ही विद्या गुरूच्या अंगणात एकेका शिष्याला, त्याचा बांधा पाहून दिली जायची. रांगेची पद्धत वाईट नाही, तिच्यामुळेच कराटे जगभर गेलं. पण रांगेतल्या प्रौढाने लक्षात ठेवायला हवं की ती मोजणी त्याच्या सांध्यांसाठी बेतलेली नाही. आपला वेग आपण ठरवायचा आणि तसं सरांना आधी सांगायचं.

आता अनुभवातून हाती लागलेलं, नव्याने येणाऱ्यांसाठी.

नाव घालण्याआधी एक पूर्ण तास बाकावर बसून वर्ग पाहा. अंग गरम करायला किती वेळ देतात? थंड अंगाला ताणून खाली बसवतात, की आधी हलकं धावणं, खुबे-घोटे फिरवणं असतं? कुणी दुखतंय म्हणालं तर त्याला बसवतात की हिणवतात? मोठ्यांसाठी वेगळी तुकडी असेल तर उत्तम, नसेल तर 'मला लाथेची उंची कमी ठेवायची आहे, चालेल का' हे थेट विचारा. त्या प्रश्नावर शिक्षकाच्या चेहऱ्यावर जे दिसेल, ते फीच्या पत्रकापेक्षा जास्त सांगून जातं.

रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास किंवा जुनी कंबरदुखी असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. ठोसा मारताना श्वास कोंडून धरायची सवय अनेकांना लागते, त्याने रक्तदाब एकदम चढतो. फटक्याबरोबर श्वास बाहेर सोडायचा. 'किआई' म्हणजे ती मोठी आरोळी देताना श्वास आपोआप सुटतोच. गोजू शैलीतला 'सान्चिन' हा सगळं अंग आवळून करायचा काता रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

फरशीकडे लक्ष द्या. आपल्याकडे पैलवान तांबड्या मातीत उतरतो, फरशीवर कुस्ती धरत नाही. कराटे मात्र बहुतेक ठिकाणी सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या व्हरांड्यात अनवाणी शिकवलं जातं. फोमच्या मॅट असतील तर त्यांच्या सांध्यांत बोट अडकत नाही ना, ते पाहा. मऊ मॅटवर पाऊल रुततं आणि टाच फिरवणं अवघड होतं, हेही ध्यानात ठेवा. घामाचा तळवा पुसायला छोटा नॅपकिन जवळ असू द्या.

पहिलं वर्ष लाथ कमरेच्या वर नेऊ नका. कमरेखालची, टाच पूर्ण वळवून मारलेली लाथ ही खरी लाथ असते. झेनकुत्सु दाची या लांब पवित्र्यात पुढचा गुडघा आत कलू देऊ नका, तो पावलाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे. शक्य असेल तर कुणाला तरी मोबाइलवर बाजूने चित्रण करायला सांगा. आपल्याला सरळ वाटलेला गुडघा चित्रणात बरेचदा आत झुकलेला दिसतो.

वर्गाबाहेरचा व्यायाम सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. क्लासने पहिली अट पुरी होऊ शकते, दुसरी होतेच असं नाही. जुन्या ओकिनावातही ताकदीचा सराव वेगळा असे. दांड्याला दगड बसवलेलं 'चिइशी' फिरवायचे, मातीचे जड घडे बोटांच्या पकडीत धरून चालायचे. आपल्या तालमीतल्या मुद्गलाचंच ते भावंड. फिजिओथेरपिस्टने तिला दिलेले व्यायाम साधे होते. पडून पाय सरळ उचलणं, भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं. हेच व्यायाम पहिल्या महिन्यापासून केले असते तर पंधराव्या लाथेला मांडी एवढी थकली नसती.

दुखण्याचे प्रकार ओळखा. दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्याच भरून आल्या, तर ती मेहनत आहे. दुखणं एकाच सांध्यात, एकाच बिंदूवर असेल आणि आठवडाभर जात नसेल, तर ती सूचना आहे. गुडघा सुजला, अडकला, मध्येच दगा देऊ लागला किंवा भार घेईना, तर त्याच दिवशी सराव थांबवा. कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, पाय उंच ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. ताज्या दुखापतीला मालीश नको. आणखी एक धोका पोटरीखालचा. उडी मारताना किंवा झटकन पुढे झेपावताना मागून कुणी लाथ घातल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर टाचेमागची अकिलीस शीर तुटलेली असू शकते. ३० ते ५० वयात, आठवडाभर बसून मग एकदम खेळणाऱ्यांना ती इजा विशेषकरून होते. तिथे एक दिवसही थांबू नये.

शेवटी पट्ट्याविषयी. रंगीत पट्ट्यांना क्यू म्हणतात. त्यांचे आकडे उतरत जाऊन पहिल्या क्यूवर येतात आणि मग दान सुरू होतात. काळ्या पट्ट्याची पहिली पायरी 'शोदान' आणि त्या शब्दाचा अर्थच 'आरंभीची श्रेणी'. नियमित सरावाने तिथवर पोहोचायला साधारण तीन ते पाच वर्षं लागतात. वर्षात काळा पट्टा देऊ म्हणणाऱ्या क्लासपासून दूर राहा. परीक्षा ठरावीक महिन्यांनी येते, फीही लागते आणि सोबतची मुलं पुढे जात असतात. या तिन्हींचा दाब मोठ्या माणसावरही येतो. तिच्यावर आला, म्हणून तर तिने नी-कॅप लपवून चढवली.

दुखापतीनंतर सहाव्या महिन्यात ती परत आली. सरांनी तिला रांगेच्या टोकाला, भिंतीजवळची जागा दिली, म्हणजे तोल गेला तर हात टेकता येईल. पुढच्या परीक्षेत तिला पिवळा पट्टा मिळाला. तोवर शेजारची आठ वर्षांची मुलगी दोन पट्टे पुढे गेली होती.

गेल्या महिन्यात एक ४७ वर्षांचे गृहस्थ वर्गात आले. रिक्षा चालवतात, दिवसभर बसून गुडघे आखडतात म्हणाले. सरांनी त्यांना तिच्या शेजारी उभं केलं. मवाशी गेरीची मोजणी सुरू होण्याआधी तिने त्यांना लाथ मारूच दिली नाही. हात भिंतीला टेकवायला लावले आणि फक्त डाव्या पायाची टाच दहा वेळा पुढे फिरवायला सांगितली, मग उजव्या पायाची दहा वेळा. सातव्या वेळेला त्यांचा गुडघा पावलाबरोबर वळायला लागला.