पानाच्या आत पाहण्याची साधने
वेबरचनेच्या विद्यार्थ्यांसाठी ब्राउझरच्या ॲड-ऑनची ओळख

आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा मजकूर, चित्रे आणि बटणे एवढेच आपल्याला दिसते. त्यामागील रचना ब्राउझर आपल्यापुढे मांडत नाही, मात्र ती लपवीतही नाही. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यांत लिहिलेला सारा मजकूर आपल्या संगणकापर्यंत आलेलाच असतो. तो वाचण्याचे साधन हाती असले, की प्रत्येक पान वेबरचनेच्या विद्यार्थ्याला धड्यासारखे उपयोगी पडते. अशी साधने बहुतांशी विनामूल्य मिळतात. संगणकक्षेत्राकडे वळू पाहणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना त्यांची ओळख व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

ब्राउझरला बाहेरून जोडता येणाऱ्या छोट्या साधनांना ॲड-ऑन किंवा एक्स्टेन्शन म्हणतात. फायरफॉक्ससाठी २००६ मध्ये आलेल्या 'फायरबग' या ॲड-ऑनने वेबरचनाकारांच्या कामाची पद्धतच बदलली. चालू पानातील कोणताही भाग निवडावा, त्याचा रंग वा आकार तेथेच बदलून पाहावा आणि चूक शोधावी, ही सोय त्याने दिली. पुढे ही सोय ब्राउझरमध्येच अंतर्भूत झाली आणि २०१७ मध्ये फायरबगचे कार्य संपले. आज संगणकावरील क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये पानावर उजवी क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडले, की हे दालन उघडते. नवशिक्याने प्रथम तेच शिकावे. ॲड-ऑन त्यानंतर घ्यावीत.

त्यांचा उपयोग समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. जव्हार-मोखाड्याची माहिती देणारे एक मराठी पान आपल्याला करायचे आहे. त्यात जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा, सूर्यमाळ, मोखाड्याचा बोहाडा आणि वारली चित्रे असतील. हे पान शहरातील पर्यटकाबरोबर डोंगराआडच्या पाड्यात जुना मोबाइल वापरणाऱ्या वाचकालाही उघडता आले पाहिजे.

पहिली बाब अक्षरांची. एखाद्या संकेतस्थळाचा फॉन्ट आवडला, तर 'व्हॉटफॉन्ट' हे ॲड-ऑन अक्षरावर कर्सर नेताच त्याचे नाव सांगते. मराठीसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला 'मुक्त' हा फॉन्ट विनामूल्य उपलब्ध आहे. फॉन्ट निवडल्यावर दोन गोष्टी इन्स्पेक्टमध्ये तपासाव्यात. ओळींतील अंतर कमी असेल, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. तसेच पानाची भाषा मराठी असल्याची नोंद एचटीएमएलमध्ये असावी. तशी सोय असलेल्या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' ही अक्षरे त्यामुळे मराठी वळणाची उमटतात, अन्यथा हिंदी वळणाची दिसू शकतात.

दुसरी बाब रंगांची. 'कलरझिला' पानावरील कोणत्याही बिंदूचा नेमका रंगक्रमांक देते. त्यावरून अक्षर व पार्श्वभूमी यांतील उठावाचे प्रमाण मोजता येते. सर्वमान्य निकषानुसार साध्या मजकुरासाठी ते किमान ४.५ असावे. पांढऱ्यावर काळ्या अक्षराचे प्रमाण २१ असते. शुद्ध पिवळ्यावर पांढऱ्या अक्षराचे प्रमाण जेमतेम १.०७ भरते, म्हणजे उन्हात मोबाइल धरणाऱ्याला ते अक्षर दिसणारच नाही. वारली चित्रातील गडद गेरूवर पांढरी रेषा मात्र या कसोटीवर सहज उतरते.

तिसरी बाब वजनाची. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला सामान्यतः ३ बाइट लागतात, म्हणून २,००० चिन्हांचा मजकूरही केवळ ६ किलोबाइटच्या आसपास राहतो. पान जड होते ते छायाचित्रांमुळे. धबधब्याचे ४ मेगाबाइटचे एक छायाचित्र सेकंदाला ४०० किलोबिट वेगाने उतरण्यास सुमारे ८० सेकंद लागतील. तेच २०० किलोबाइटचे केले, तर ४ सेकंद. ब्राउझरच्या नेटवर्क दालनात वेग मुद्दाम कमी करून हा अनुभव शहरात बसूनही घेता येतो. 'लाइटहाउस' हे साधन पानाचा वेग तपासून गुण देते आणि सुधारणाही सुचवते.

चौथी बाब दृष्टिहीन वाचकांची. त्यांचा संगणक पान मोठ्याने वाचून दाखवतो. चित्राच्या जागी त्याचे लेखी वर्णन वाचतो. असे वर्णन राहून गेले असेल, तर 'वेव्ह' हे ॲड-ऑन तेथे खूण करते. मात्र 'चित्र १' एवढेच लिहिले तरी साधनाचे सहसा समाधान होते, वाचकाच्या हाती काहीच येत नाही. 'तारप्याभोवती फेर धरून नाचणारे स्त्री-पुरुष' असे लिहायचे, हे माणसालाच ठरवावे लागते.

या साधनांना एक धोक्याची बाजूही आहे. अनेक ॲड-ऑन बसवताना 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे' अशी परवानगी मागतात. तीत बँकेचे आणि ई-मेलचे पानही येते. 'वेब डेव्हलपर' हे ख्रिस पेडरिक यांचे जुने, विश्वासार्ह ॲड-ऑन आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये फसव्या ई-मेलद्वारे त्यांच्या खात्याचा ताबा घेऊन चोरट्यांनी त्याची दूषित आवृत्ती प्रसारित केली आणि वापरकर्त्यांच्या पानांत जाहिराती घुसवल्या. निर्मात्याने ती त्याच दिवशी दुरुस्त केली. तथापि १० लाखांहून अधिक लोक वापरत असलेल्या साधनाबाबतही असे घडू शकते, हे लक्षात राहावे. म्हणून मोजकीच ॲड-ऑन ठेवावीत, ती ब्राउझरच्या अधिकृत दालनातूनच घ्यावीत, मागितलेली परवानगी वाचावी आणि न लागणारी काढून टाकावीत. सरावासाठी ब्राउझरमध्ये स्वतंत्र प्रोफाइल करावे व बँकेचे व्यवहार त्यात करू नयेत. सायबर कॅफेतील किंवा दुसऱ्याच्या संगणकावर तर ही दक्षता अधिकच हवी.

ज्यांना सराव करायचा आहे, त्यांनी आपल्या गावाची माहिती देणारे एक मराठी पान निवडावे. त्यातील सर्वांत जड छायाचित्र कोणते, सर्वांत फिके अक्षर कोणते आणि वर्णनाविना चित्रे किती, हे तपासून वहीत नोंदवावे. मग तेच पान स्वतः लिहून पाहावे आणि गावातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या मोबाइलवर उघडावे. ते किती वेळात उघडते आणि त्यांना ते न अडखळता वाचता येते का, हे शेजारी बसून पाहावे. जे दोष तेव्हा आढळतील, तेथून पुढील दुरुस्तीला आरंभ करावा.