‘आता स्वस्थ बसा’

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरांतून आजी-आजोबांना उद्देशून एक वाक्य वारंवार उच्चारले जाते. “पुष्कळ कष्ट केलेत, आता स्वस्थ बसा.” या वाक्यामागे माया असते, याविषयी आम्हांस शंका नाही. तथापि त्याने वृद्धांचे हित होते की अहित, याचा विचार मात्र क्वचितच होतो. ‘स्वस्थ’ या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ ‘निरोगी, आपल्या ठिकाणी स्थिर असलेला’ असा आहे. मराठीत आपण त्याचा अर्थ ‘हालचाल न करणारा’ असा करून टाकला. म्हातारपणी हे दोन अर्थ परस्परांचे वैरी ठरतात.

स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास भारतीय मनुष्याचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. याचा अर्थ सर्वजण बत्तिशीतच मरत असत असा नव्हे. लहान मुले फार दगावत, म्हणून सरासरी खाली येई. आज ते सुमारे ७० वर्षे आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील शेकडा ११ हून अधिक लोक साठीच्या पुढचे होते, आणि या बाबतीत केरळच्या खालोखाल आपल्याच प्रदेशाचा क्रमांक लागला. म्हणजे पूर्वी एखाद्याच घरी आढळणारे पिकले पान आता बहुतेक घरी आहे. कित्येक घरी तर मुले मुंबईस किंवा आखाती देशांत आणि वडीलधारी दोन माणसेच मागे, अशी स्थिती असते.

प्रथम शरीराकडे पाहू. स्नायू हे वापराने टिकतात आणि वापर थांबला की झिजतात. तरुण माणूस आठवडाभर अंथरुणास खिळला तरी पुढे भरून निघतो. वृद्धाचे तसे नसते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी माणसांना केवळ दहा दिवस बिछान्यात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस नाहीसे झाले. दहा दिवसांत एक किलो! उलटपक्षी, १९९० साली बॉस्टन येथील संशोधकांनी ८६ ते ९६ वर्षांच्या काही वृद्धांकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा जड व्यायाम करवून घेतला. त्यांच्या मांड्यांची शक्ती सरासरीने दुपटीहून अधिक वाढली आणि दोघांनी तर हातातील काठी सोडली. अर्थात तो व्यायाम जाणत्यांच्या देखरेखीखाली झाला होता, हे विसरू नये. नव्वदीतही शरीर शिकवल्यास शिकते, एवढे मात्र त्यातून नि:संशय दिसून येते.

आता जो आजोबा दिवसभर आरामखुर्चीत बसवला जातो त्याचे काय होत असेल ते पाहा. पाय दुबळे होतात, म्हणून चालताना भीती वाटते. भीती वाटते म्हणून तो आणखी बसतो, आणि आणखी बसल्यामुळे एके दिवशी न्हाणीच्या दारात पडतो. मग खुब्याचे हाड मोडते आणि सारे म्हणतात, “वयच झाले होते.” यात वयाचा वाटा किती आणि खुर्चीचा किती, हे कोणी मोजत नाही.

मनाचेही पुष्कळसे असेच आहे. १९७६ साली एलेन लँगर व ज्यूडिथ रॉडिन या दोन विदुषींनी कनेक्टिकटमधील एका वृद्धाश्रमात एक साधी गोष्ट करून पाहिली. एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की, खोली कशी लावावी, वेळ कसा घालवावा हे तुमचे तुम्ही ठरवा. आणि प्रत्येकाला निवडून घेण्यास एक रोपटे दिले, ज्याची निगा त्याने स्वत: राखायची. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, पण पाणी परिचारिका घालतील असे सांगितले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक आनंदी, अधिक तरतरीत व मिळूनमिसळून वागणारी आढळली. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. परंतु घरची म्हातारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस तो पटावा.

आपल्या घरांतील रोपटे कोणते? कोठे ते तुळशीला पाणी घालणे असते, कोठे तांदूळ निवडणे, कोठे आमसुले उन्हात घालून संध्याकाळी आत घेणे. नारळ खवण्यासाठी विळीवर, आमच्या कोकणीतील आदोळीवर, बसणे व उठणे हा ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांना चांगला व्यायामच आहे. गुडघे दुखत असतील तर तेच काम मेजाशी बसून करता येते. काम काढून घेणे हा शेवटचा उपाय असावा. आपण तोच पहिला योजतो! महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी संस्था काढली ती १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी. आणि समता संघ स्थापिला तो ८६ व्या वर्षी. सर्वच आजोबा कर्वे नसतात हे खरे. पण कर्व्यांना कोणी आरामखुर्चीत बसवून ठेवले नाही, हेही तितकेच खरे.

काम करू द्यावे याचा अर्थ संकटात लोटावे असा कोणी करू नये. पावसाळ्यात आपल्याकडील चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. तेव्हा अंगणात जाण्यास बंदी करण्याऐवजी पायरी घासून काढावी. हे काम सातवी-आठवीतील मुलास सहज जमण्यासारखे आहे. न्हाणीत धरण्यास एक दांडी आणि रात्री वाटेवर एक मंद दिवा असावा. बिछान्यातून एकदम उठल्यास कित्येकांना घेरी येते, म्हणून कडेवर क्षणभर बसून मग उभे राहावे. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते. तेव्हा आजीने मागण्याची वाट न पाहता पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवावा आणि दहाच्या सुमाराची पेज चुकवू नये.

याहूनही आमच्या मते महत्त्वाची गोष्ट कानांची आहे. म्हातारपणी प्रथम उंच स्वर ऐकू येईनासे होतात. स, श, फ, थ अशी व्यंजने हरवतात आणि स्वर तेवढे उरतात. म्हणून आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. अशा वेळी आपण ओरडतो, त्याचा उपयोग होत नाही, आणि आजोबांना मात्र आपल्यावर कोणी रागावले असे वाटते. पुढे ते सोप्यावर चार माणसांत बसणेच सोडतात आणि आपण त्यांना तिरसट ठरवतो. समोर बसावे, तोंडावर उजेड असावा, सावकाश व जरा खालच्या सुरात बोलावे. आणि वैद्यांना दाखवून जरूर तर श्रवणयंत्र घ्यावे. स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांवर इलाज करता येतो त्यांत बहिरेपणाची गणना ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०१७ पासून केली आहे. तसेच कोणी वृद्ध दोन आठवडे सतत खिन्न राहिला, अन्न टाळू लागला, झोप उडाली, तर ‘वयोमानाने असे चालायचेच’ म्हणून सोडून देऊ नये. तो आजार असू शकतो आणि त्यावर औषध आहे.

आता तुमच्यासाठी एक काम. चवथीला गणपतीवर माटोळी बांधतात. तिच्यातील कवंडळ, कांगणां ही रानफळे बाजारात पाहून तुम्ही ओळखालही. पण ती कोणत्या डोंगरावर, कोणत्या वेलीवर, कोणत्या नक्षत्रात मिळत, हे आजोबांनाच ठाऊक असते. त्यांच्या समोर वही घेऊन बसावे, आणि पाय चालत असतील तर त्यांना बरोबर घेऊन ती वेल पाहून यावी. नावे कोकणीत सांगितली तर कोकणीतच लिहावी. आलेल्या याद्या आम्ही पुढील अंकात, सांगणाऱ्या आजी-आजोबांच्या नावांसह छापू.