पोर गप्प झालं, तर कागदांचंही विचारा

हायस्कूलमध्ये शिकवायला लागल्यापासून एक गोष्ट मी दरवर्षी पाहते. ज्या मुलाचं मन बिघडतं, त्याचे कागदही त्याच सुमारास बिघडू लागतात. हजेरी कमी होते, घटक चाचणी बुडते, शिष्यवृत्तीच्या फॉर्मची तारीख निघून जाते. आपण मात्र या दोन गोष्टी वेगळ्या धरतो. मनाचं दुखणं घरच्यांनी बघायचं आणि फॉर्मचं काम शाळेच्या ऑफिसातल्या बाबूंनी. वाशिम जिल्ह्यात पोराच्या पुढच्या शिक्षणाचा सगळा हिशेब अनेकदा एखाद्या शिष्यवृत्तीवर आणि एसटीच्या पासवर अवलंबून असतो. तिथे ही फारकत फार महाग पडते. मला पडली, म्हणून लिहिते आहे.

मी मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाले. तेव्हा नववी ते बारावी महिन्याला पाचशे रुपये मिळत. आज ही रक्कम महिन्याला १,००० म्हणजे वर्षाला १२,००० आहे. आमच्या घरात माझ्या शिक्षणासाठी बाहेरून आलेला तो पहिला पैसा. बाबा फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर भेटेल त्याला सांगत होते.

मी नववीत असताना, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, बाबांनी आत्महत्या केली. शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने २००६ मध्ये विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यात वाशिम होतं. त्यामुळे असं मरण झालं की पुढे काय करायचं याची रीत ठरलेली होती. तलाठी आले, पंचनामा झाला. सातबारा, सोसायटीच्या थकबाकीचा दाखला, बँकेचं पत्र मागितलं गेलं. प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्ह्याची समिती ठरवते. पात्र ठरलं तर एक लाखाची मदत, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. ही चौकशी गरजेची आहे, ती करणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या दिवसांत दारातून आत आलेल्या माणसांपैकी, नातेवाईक धरून, कुणीही मला आणि माझ्या धाकट्या भावाला जवळ बसवून काही विचारलं नाही. मोठे बाबा एवढंच म्हणाले, "आता तूच मोठी, मायले सांभाळ." मी चौदा वर्षांची होते.

मला रडू आलं नाही. झोप उडाली. पोट दुखायचं, तेही सकाळी दप्तर भरायच्या वेळेला जास्त. गणिताच्या तासाला फळ्यावरचं दिसायचं, पण डोक्यात शिरायचं नाही. शाळेत मला आळशी ठरवलं गेलं आणि एकदा भर वर्गात "शिष्यवृत्ती मिळाली म्हणून हवा गेली डोक्यात" असंही ऐकावं लागलं. घरी माय शेजारणीला सांगायची, "पोट्टी कायी बोलतच नायी. तिले बाहेरचं तं नायी झालं काही?" मग जाणत्याकडे नेऊन अंगारा लावून आणला. मायचं काय चुकलं? तिचाही नवरा गेला होता, आणि मनाचा डॉक्टर म्हणजे आमच्यासाठी तेव्हा अकोला.

वर्षाच्या शेवटी मी नापास झाले. शिक्षणहक्क कायद्यामुळे तेव्हा आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवत नसत. सगळी चाळणी नववीत लागायची. दहावीचा निकाल उंच दिसावा म्हणून कच्ची मुलं नववीतच अडवायची, ही आपल्याकडच्या बऱ्याच शाळांची रीत होती. एनएमएमएसची अट अशी आहे की नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात गेलं पाहिजे, आणि पुढे अकरावी-बारावीला शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी दहावीत ६० टक्के हवेत. ही अट मला ठाऊक नव्हती, मायला असणं शक्य नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होती त्यांनी सांगितली नाही. निकालाआधी कुणी म्हटलं असतं की बाई, हिचा बाप गेला आहे, हिचे दोन विषय जरा बसून करून घेऊ, तर वर्ष वाचलं असतं आणि पुढच्या वर्षांची शिष्यवृत्तीही.

त्या उन्हाळ्यात पोटदुखी थांबेना म्हणून वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सगळं ठीक. डॉक्टरांनी मायला बाहेर बसवलं आणि मला किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये पाठवलं. तिथल्या समुपदेशक ताईंनी विचारलं, "पोट दुखतं तेव्हा डोक्यात काय चाललेलं असतं?" बाबा गेल्यापासून मला विचारलेला तो पहिला खरा प्रश्न. मी बोलत गेले. त्यांनी मध्ये अडवलं नाही, 'सगळं ठीक होईल' म्हटलं नाही. दुःखानेही पोट दुखतं, ते खोटं दुखणं नसतं, हे समजावलं. पुन्हा यायची तारीख दिली. आणि मग वही पुढे ओढून विचारलं की शाळेत नाव आहे ना, खातं कोणत्या बँकेत आहे, बाबांचा मृत्यूचा दाखला मिळाला का, बाल संगोपन योजनेचा अर्ज केला का. एकाच बैठकीत त्यांनी मनाचंही विचारलं आणि कागदांचंही. मी नववी पुन्हा केली, पुढे शिकले, ते या बैठकांच्या आधारावर.

म्हणून माझं पहिलं सांगणं माझ्यासारख्या शिक्षकांना आणि पालकांना. आपली मुलं 'मला नैराश्य आलं आहे' अशा शब्दांत बोलत नाहीत. ती म्हणतात, "कंटाळा येऊन राह्यला", "डोकं दुखते", "शाळेत जावावंच वाटत नायी". मुलगी डबा तसाच परत आणते, केसांकडे बघत नाही, मैत्रिणींत बसत नाही. मुलगा चिडखोर होतो, रात्रभर मोबाईल धरतो, खर्ऱ्याच्या नादी लागतो, गाडी अंगात आल्यासारखी पळवतो. मुलांचं दुःख रागाच्या रूपात बाहेर येतं आणि आपण त्याला माज म्हणून मोकळे होतो. यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर ते वयाचं खूळ समजू नका. घरात मृत्यू झाला असेल, मुलीच्या लग्नाची घाई सुरू झाली असेल, कुणी अंगाला हात लावल्याची शंका असेल, तर दोन आठवडेसुद्धा थांबायचं नाही.

विचारायचं कसं? समोर बसवून, सगळ्यांदेखत, नक्कीच नाही. शेतात जाताना, फाट्यापर्यंत चालताना, भाजी निवडताना विचारा. नजरेला नजर नसली की या वयातली मुलं जास्त बोलतात. आणि जीव नकोसा झाल्याची चिन्हं दिसत असतील तर सरळ विचारा, "मरून जावं असं मनात येतं का?" असं विचारल्याने तो विचार पोराच्या डोक्यात शिरतो, ही भीती खरी नाही, अभ्यासांतून हेच पुढे आलं आहे की विचारल्याने मन हलकं होतं आणि मदतीची वाट उघडते. उत्तर 'हो' आलं तर रागावू नका, शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं कुलपात टाका किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पोलीस केस होईल या भीतीने लोक दवाखान्यात जायचं टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, तिला शिक्षा करायची नाही, तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे.

आता वाशिममध्येही सोयी वाढल्या आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी उद्घाटन झालेल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत वाशिमचंही आहे. गावातून निघणं जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. केंद्र सरकारने तो १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला. कॉल मोफत, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. मुलांवर अत्याचार होत असेल किंवा बालविवाह ठरत असेल तर १०९८.

शाळांबद्दल थोडं कडक लिहिणार आहे. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. त्याहून लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. टेली-मानससारखे नंबर वर्गात आणि वसतिगृहात ठळक अक्षरांत लावायचे. शक्य तोवर गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या करायच्या नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही. शिकवणी वर्गांनाही हे लागू आहे. मी ज्या शाळा पाहते, त्यांतल्या बहुतेकांत समुपदेशक नाही. संस्थाचालक पद मंजूर नसल्याचं सांगतात आणि ते खोटं नाही. पण नंबर भिंतीवर रंगवायला पद मंजूर व्हावं लागत नाही. 'अ' तुकडी हुशारांची आणि 'क' तुकडी उरलेल्यांची ही पद्धत बंद करायलाही लागत नाही.

समुपदेशक मिळेपर्यंत प्रत्येक वर्गशिक्षकाने निदान एक वही ठेवावी, मीही ठेवते. त्यात कुणाचे वडील नाहीत, कुणाचे आईबाप कामासाठी परजिल्ह्यात जातात, कोण आजीजवळ राहतं, आणि त्याच नावापुढे त्याला कोणती योजना लागू होते ते. आईवडिलांपैकी एक नसेल तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे. इतर मागासवर्गीय, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातली मुलं दहावीनंतर विज्ञान शाखेला गेली तर महाज्योतीचं जेईई-नीटचं प्रशिक्षण मोफत, वर टॅब आणि इंटरनेट. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरची एखादी मुलगी "आमच्याकडे पैसे नाहीत, मी शिकणार नाही" म्हणते, तेव्हा तिचं अर्धं दुःख वहीतल्या अशा एका ओळीने कमी होतं.

यात मुलं अडकतात ती कागदांत. आधारवर एक नाव, दाखल्यावर दुसरं, बँकेत तिसरं. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी यांसाठी जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते आणि तारीख हुकते. हे काम दहावीच्या दिवाळीच्या सुटीतच सुरू करा. घरात दुःख झालं असेल तर शेजाऱ्याने, मामाने, शिक्षकाने ते अंगावर घ्यावं, कारण त्या घरातल्या माणसांना त्या वर्षी ते सुचत नाही.

दहावीच्या निकालाचं एवढंच सांगते. एकदोन विषय गेले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, आणि जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते. शाळा सुटलेल्या मुलाला १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी बसता येतं. वाशिमला शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहे. हे निकालाच्या दिवशी सांगून उपयोग नाही, जानेवारीतच वर्गात सांगावं. आणि नीटच्या शिकवणीसाठी पोराला अकोल्याला खोली करून ठेवणाऱ्या पालकांनी फोनवर रोज फक्त टेस्टचे मार्क विचारू नयेत. जेवला का, झोपला का, खोलीतल्या पोराशी पटतं का, हेही विचारावं. परत यायचं म्हणाला तर येऊ द्यावं.

जिल्हा प्रशासनाकडे माझी एक मागणी आहे. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात सातबारा आणि थकबाकीच्या कागदांसोबत घरातल्या प्रत्येक शिकणाऱ्या मुलाचं नाव, शाळा आणि इयत्ता नोंदवली जावी, आणि ती नोंद आठवड्याभरात त्या मुख्याध्यापकांना आणि जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकांना पोहोचावी. त्यासाठी नवी योजना लागत नाही. पंचनाम्याच्या कागदात एक रकाना वाढवावा लागेल.